किंवा

सोहारला जूनमध्ये नळ उलटे वागतात.
निळ्या खुणेचा सोडला तर हात भाजतो,
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर ऊन मुरलेलं असतं.
लाल खुणेचा गार,
बंद गीझरमध्ये रात्रभर निवांत निजलेला.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक,
म्हणून कुणी विचारत नाही.

मी विचारलं. शुक्रवारी सकाळी,
माझ्या हॉलमध्ये, चटईवर नववीची सहा मुलं,
फळ्याच्या जागी फ्रिजचं दार:
गीझर पन्नास लिटरचा, मग दीड लिटरचा.
कितव्या मगाला पाणी गरम लागेल?

अफराज तांडेलचा हात नेहमीसारखा वर.
"मॅडम, सूत्र कोणतं?"
त्याच्या वहीत सूत्रांना लाल चौकटी,
चौकटीबाहेर काही नाही.
श्रीवर्धनचं हे पोर
होडीचा दोर धरावा तसं सूत्र धरून असतं,
आणि मीही पंधरा वर्षं दोरच वाटत आले,
पोहायला शिकवते असं सांगून.

फेबिनने भागाकार केला. तेहतीस, वर थोडं.
उत्तर आलं, पेनांची टोपणं लागली.
मी म्हटलं, आता घरी जाऊन आंघोळ करा.

पुढच्या शुक्रवारी
फेबिनच्या इमारतीत पाणीच आलं नव्हतं.
मृण्मयीने शॉवरखाली घड्याळ लावलं, साबण डोळ्यांत गेला,
वेळ राहून गेली.
अफराज चटईच्या काड्या मोजत बसलेला.
शेवटी म्हणाला,
"बावीस. किंवा तेवीस."

वडील बंदरावर रात्रपाळीला,
दुपारी भिंतीपलीकडे झोपलेले.
जाग येऊ नये म्हणून हा मग अलगद ओतत होता,
मनातल्या मनात मोजत होता.
मध्येच वडील खोकले,
एक आकडा कुठेतरी सांडला.

म्हणजे दहा-अकरा मगांचा हिशोब लागत नाही.
गळती असेल. मग मोठा असेल.
अफराजला गार-गरम कळत नसेल!
माझ्या जिभेवर उत्तर
उतू जाणाऱ्या दुधासारखं वर वर येत होतं.
मी उठले, स्वयंपाकघरात गेले,
धुतलेले कप पुन्हा विसळले. बोटं पोळली.

बाहेर आवाज चढले, मग एकदम खाली आले.
डोकावले तर सबरीन,
सहा महिन्यांत "येस मॅडम"पलीकडे न गेलेली,
फ्रिजच्या दारावर गीझर काढत होती:
पाणी खालून आत, वरून बाहेर.
"पण आत येतंय ते गरम."
"आणि गरम वर चढतं."
"मग ते रांगेत कशाला थांबेल?"
पहिल्यांदा अफराज हसला, मग सगळेच.
घुसखोर, कुणीतरी म्हणालं. मिसळतं, दुसरं.
कुणालाच मी नको होते.
ओले हात घेऊन मी दारातच उभी राहिले,
थोडी सुखावलेली, थोडी, खरं सांगते, दुखावलेली.

आमच्या परीक्षेत 'किंवा' फक्त प्रश्नपत्रिकेत असतो:
हा सोडवा किंवा तो.
उत्तरात लिहिला तर दोन्ही कापतात.
मी अफराजची वही मागून घेतली.
चौकटीच्या बाहेर, समासात, पेन्सिलने:
२२ किंवा २३ (अब्बा खोकले).
माझ्या एम.एस्सी.च्या प्रयोगवहीत
इतकी खरी नोंद एकही नव्हती.
तिथले आकडे मागच्या वर्षीच्या मुलींचे,
सुवाच्य, दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत.

लाल पेन हातात होतं.
काय लिहावं कळेना, तशीच परत दिली.

त्या रात्री मीही बादलीशी बसले,
गीझर बंद, मग दीड लिटरचा.
सतराव्याला फोन वाजला.
वाजू दिला.
आता हा अठरावा,
का एकोणिसावा?