मागच्या पानापासून

मुटिंटा पुस्तक उघडते ते मागून.
आधी सूची : चोमा आहे का, मोंझे आहे का,
की 'चीन' झाल्यावर एकदम 'जनमत'.
मग आभार. किती दिवस राहिला, कुणाकडे जेवला,
दुभाष्याचं नाव लिहिलंय
की नुसतेच 'स्थानिक सहकारी'.
मुखपृष्ठावर बाभळीमागे सूर्य मावळत असेल
तर न बोलता डावा ढीग.

लुसाकात ऑक्टोबर. संस्थेचा पत्रा तापलाय,
दोननंतर वीज नाही.
मंत्रालयाला शुक्रवारी टिपण हवं :
बाजारातल्या गाळ्यांची पट्टी कोणी घ्यावी,
नगरपालिकेने, गावप्रमुखाने, की पक्षाच्या पोरांनी.
चार पानांत. आकडे ठळक.
आणि पैसे आहेत साडेतीन पुस्तकांचे.

"अर्धं कुठलं मागवू?" बा सियाचितेमा विचारतात,
चष्मा कपाळावर, हातात विलायती किंमतपत्रक.
"ज्याचा निष्कर्ष प्रस्तावनेतच उरकलाय, त्याचं."

एका जाडजूड ग्रंथात राज्य दुबळं आहे.
पहिल्या प्रकरणात दुबळं, सातव्यातही दुबळं.
आईच्या टोपलीसमोर दिवसातून दोनदा
पुढे येणारा हात तिने पाहिलाय लहानपणी.
मनगटावर घड्याळ होतं. दुबळा नव्हता तो.
डावा ढीग.

मग हे एक, मळकट निळं, कुणाचा तरी जुना प्रबंध.
पान दोनशे बारा, तळटीप :
सुक्या मासळीची विक्रेती, नाव राखून ठेवले आहे.
'पावती दिली तर पट्टी. नाही दिली तर पक्ष.'
मुटिंटा हसते. मग थांबते.
बाजाराचं नाव बघते, साल बघते,
बोटांवर काहीतरी मोजते
आणि चोमाला फोन लावते.

"आला होता की," आई म्हणते,
"उन्हाने लालेलाल झालेला एक पोरगा, वही घेऊन.
पाव किलो कापेंटा घेतला,
सांगितला तो भाव देऊन गेला.
त्याला काय कळणार गं राजकारण?"

बा सियाचितेमा थांबलेत. डावीकडे की उजवीकडे?
पुस्तक तिच्या मांडीवरच आहे, बोट दोनशे बारावर.
मागणीपत्रावर ती नाव लिहायला घेते.
पेन उमटत नाही.
झटकते, पुन्हा लिहिते,
आणि किमतीच्या रकान्यात
आकड्याआधी थोडा वेळ
नुसतीच घासाघीस करत बसते.