कोरा नमुना

एक मायक्रोलिटर.
डोळा पुसल्यावर बोटावर उरतं
त्याहूनही कमी.
तेवढं सुईत ओढून मी यंत्राच्या रबरी तोंडात टोचते
आणि घड्याळ लावते.

आत तीस मीटरचा काचेचा धागा,
केसाएवढा, पोकळ, भट्टीत गुंडाळून ठेवलेला.
नायना असता तर म्हणाला असता,
"एवढ्यात चादरीची किनारसुद्धा निघायची नाही."
नायना रंगखात्यात होता, अक्कलकोट रोडला.
नखांतली निळाई शेवटपर्यंत गेली नाही,
ती त्याच्याबरोबरच गेली.

हे जिवाणू त्याच कारखान्यामागच्या नाल्यातले.
बाटली घेऊन वाकले तेव्हा वॉचमन म्हणाला,
"घाण कशाला न्यायलीस गं?"
सोमवारी नाला लाल, बुधवारी हिरवा,
वर चव्वेचाळीस अंशांचं ऊन,
आणि तिथं कुणीतरी संसार थाटला होता.

रीत अशी:
पेशी खरवडायच्या, चिमूटभर.
अल्कलीत उकळायच्या, साबण करतात तसं.
मग आम्ल, मिथेनॉल, ऐंशी अंश, दहा मिनिटं.
अकरावं मिनिट लावलं तर
ज्यांच्या अंगात नाजूक कडी असते ती आम्लं तुटतात.
मग हेक्झेन. वरचा थर तेवढा आपला.
खालचं सगळं मोरीत.

शेवटी ज्योत, हायड्रोजनची. ती दिसत नाही.
पेटली का बघायला बिराजदार मॅडम
चष्मा काढून धुराड्यावर धरतात.
काच धुरकटली की पेटली.
मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत
ओल म्हणून दिसते ती एवढीच.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.

हलकी आधी सुटतात. बारा, चौदा कर्बांची.
मग पंधराचं आयसो, शेपटीला फाटा असलेलं.
कागदावर सुळका चढतो, उतरतो,
पुन्हा सपाट रेष, माळरानासारखी.
आणि त्या दिवशी, सगळं संपलं असं वाटत असताना,
अठरा कर्बांचं, दोन ठिकाणी वाकलेलं एक.

"हे जिवाणूत नसतं," मॅडम म्हणाल्या.
खुर्ची ओढली. चष्मा पुसला.
"पण असलं तर?"
त्या 'तर'वर आम्ही तीन दिवस काढले.
मी तर मनातल्या मनात नावही ठेवून टाकलं,
जिवाणूच्या नावामागं लॅटिन शेपूट लावलेलं नायनाचं नाव.
वहीच्या शेवटच्या पानावर लिहून बघितलं.
बरं दिसत होतं.

चौथ्या दिवशी कोरा नमुना घातला.
जिवाणू नाही, काही नाही, नुसती रसायनं.
तरी अठराचं आलं.
मागून वीस, बावीस, चोवीस,
लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी ओळीनं.

मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग हळूच म्हणाल्या, "शेंगदाणा."

इरण्णाचा डबा. तेल सुटलेली शेंगाचटणी,
भाकरीच्या तुकड्यावर त्यानं आग्रहानं वाढलेली.
नळ कोरडा होता.
मी बोटं ॲप्रनला पुसली होती,
आणि त्याच बोटांनी बाटल्यांची झाकणं लावली होती.

हातमोजे घालून सगळं परत केलं.
अठराचं गेलं. वीस, बावीस, चोवीस गेली.
उरलं ते पंधराचं आयसो,
पंचेचाळीस अंशांवर वाढवलेल्या पेशींत जास्तच उंच.
उन्हाळ्यात फळीवरचं तूप पातळ होतं ना,
तसं आपलं आवरण होऊ नये म्हणून
हा जीव आपली चरबी बदलून घेतो.
एवढंच सापडलं. हे आधीच माहीत होतं, दुसऱ्यांना.

इरण्णा मात्र खूश.
"मशिनीला माझी चटणी कळली म्हणा की!"
"चव नाही कळत तिला."
"मग काय कळतंय?"
"कोण किती वेळानं बाहेर पडतं, तेवढंच."

त्यानं मान हलवली, पटलं नसल्यासारखी.
वहीचं शेवटचं पान मी फाडलं नाही.
कोऱ्या नमुन्याचा आलेख घडी करून
त्यातच ठेवला.
मोरीत नळ खाकरायला लागला होता.
बादल्या लावायला गेले.