कोपरावर दोन टिचक्या

सर्वेशच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं,
अवघडपणा : सोपा.
हे हसले. म्हणाले, म्हणजे आपल्या लग्नासारखं.

सीबीएसवरून सात-दहाची जव्हार गाडी.
सातपूर आलं तसे खिडकीकडे सरकले,
कंपनीचं गेट मागे जाईपर्यंत मान वळवून.
एकतीस वर्षं पॉवर प्रेस, ठोक्याला एक वॉशर,
आणि दर वर्षी कानांतला थोडा आवाज
पगारपत्रकात न दाखवता कापलेला.

आता उजव्या कानात वाटाण्याएवढं मशीन.
त्यातून माझं बोलणं येतं म्हणे,
पण शेजारच्या घरातून आल्यासारखं.
दोनदा "काय?" विचारतात, तिसऱ्यांदा नुसती मान हलवतात.
मी ती मान ओळखते.
सांगायचं राहिलेलं मग भाजीत पडतं, मीठ म्हणून.

सापगावच्या फाट्यावर उतरलो.
पोळ्यानंतरचा रविवार, नागली पोटरीला,
तेरड्यानं उतार गुलाबी.
वाट दाखवायला चंदर, सातवीतला, डोक्यावर गोणीची खोळ.
किती लांब रे धबधबा?
"हा काय, आलाच."
तो "आलाच" तासभर चालला.

ओढ्यापाशी ह्यांनी मशीन काढलं.
रुमालात, रुमाल डबीत, डबी पिशवीत,
पिशवी माझ्या झोळीत, पोळ्यांच्या वर.
"भिजलं तर अठरा हजार."
एवढं बोलून बंद झाले,
दुकानाचं शटर ओढावं तसे.

दगड हलतोय, मी मागून ओरडले.
चंदरनं त्यांच्या काठीला नुसती टिचकी मारली.
थांबले.
इतकी वर्षं मी ओरडतच होते.

पाण्याआधी थरथर आली, खडकातून.
ती आधी ह्यांना कळली.
वाकून तळवा टेकवला, बोट वर केलं : तिकडे.
मग करवंदीची जाळी बाजूला झाली
आणि सगळ्यांचेच कान गेले.

सर्वेश ओरडत होता, त्याचं तोंड दिसत होतं.
शिट्टी फुंकली, गाल दिसले.
चाळीस माणसं कानामागे हात नेऊन
एकमेकांना "काय? काय?"

ह्यांचं मात्र शॉप सुरू झालं होतं.
मूठ, थांबा.
दोन बोटं, पुढे या, एकेक.
सपाट तळहात, शेवाळ.
कोपरावर दोन टिचक्या, साहेब आला!
(ही सर्वेशसाठी. चंदर लगेच शिकला.)
कॉलेजची पोरं पाण्याकडे बघायची सोडून
ह्यांच्या हातांकडे बघत पाय टाकत होती.

मग माझ्याकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं.
काय?
पुन्हा विचारलं.
काय?
तिसऱ्यांदा मी नुसती मान हलवली.

हे थांबले.
तुषार चष्म्यावर साचत होते, पुसले नाहीत.
ती मान त्यांनीही ओळखली.

माझा हात ओढून तळव्यावर
बोटानं गिरवलं, सावकाश,
उकार दोनदा :
भूक?

परतीच्या गाडीत डबी झोळीतच राहिली.
मी मागितली नाही की दिली नाही.
त्र्यंबक गेलं, अंजनेरी ढगात गेली,
ओल्या बुटांचा वास घेऊन अख्खी गाडी पेंगत होती.
सातपूरचं गेट आलं तेव्हा
मी त्यांच्या कोपरावर दोन टिचक्या मारल्या.

ताठ बसले.
मग हसू फुटलं, नको तेवढं मोठ्यानं,
आणि कंडक्टरनं वळून पाहिलं.