खाली सही

सोहारच्या दवाखान्यात सोळा वर्षं
मी एकच वाक्य चार भाषांत बोलत आले :
गोळीचं डॉक्टरांना विचारा.
मल्याळममध्ये तर इतकं घोटलेलं
की बायका विचारत, कोट्टयमच्या का तुम्ही?
मी जतची. फिजिओथेरपीत हात मुरलेले.
कुठला मणका रुसलाय ते बोटांना कळतं,
पण चिठ्ठीच्या चौकोनापाशी आलं
की हेच हात ॲप्रनच्या खिशात जात.

यंदा भिंतीवर पत्रक लागलं.
दर गुरुवारी संध्याकाळी, एक्स-रेच्या मागच्या खोलीत,
जिथे एसी टपकतो आणि खाली बादली असते,
आम्ही सात जण वह्या घेऊन बसलो.
साखरेच्या पायांचे व्रण धुणारी रोवेना,
डोळे तपासणारा मुअतसिम,
पन्नाशीत पुन्हा पेन्सिलीला टोक काढणारा पौलोस.
समोर डॉक्टर बुथैना अल-हिनाई.
म्हणाल्या, नावं पाठ करू नका, ती पोपटालाही येतात.
माणूस आधीच काय गिळून आलाय ते विचारा.
काढ्याचं विचारा.
खोलीतल्या सोबत्याने दिलेल्या गोळीचं विचारा,
ते शेवटी सांगतात, दाराशी, बूट घालताना.

परीक्षा झाली. नव्वद तास त्यांच्या नजरेखाली गेले.
मग जूनमध्ये, पारा सत्तेचाळीसवर,
माझा एकटीचा पहिला रुग्ण :
तुलबहादुर घर्ती, वेल्डर, वय चव्वेचाळीस.
एक हात कमरेवर, डोळे माझ्या कीबोर्डवर.
दीदी, ती मागची गोळी द्या,
जिने दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं.

मी तीन अक्षरं टाइप केली,
पुढचं नाव पडद्याने आपणहून पुरं केलं.
इतकं सोपं असतं हे, मला ठाऊक नव्हतं.
ब्लडप्रेशरची गोळी चालू? हो.
लघवी होण्याची? तीही.
आणि पाळीत लघवीला कितीदा जाता?
तो बोटांवर मोजायला लागला
आणि एकावरच थांबला.

मूत्रपिंडाच्या दारावर तिघांनी एकदम धडका दिल्या
तर कडी टिकत नाही, बाई म्हणाल्या होत्या,
त्यात घाम वेगळाच.
मी नाव पुसलं. एकेक अक्षर, उलटं.
साधी पॅरासिटामॉल, रक्ताची तपासणी,
डॉक्टरांना दोन ओळी, आणि तीन दिवस सावलीतलं काम.
मुकादम ऐकेल का, ते औषधांच्या पुस्तकात नव्हतं.
तुलबहादुर उठला तेव्हा
त्याचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा होता.
तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे.
सोळा वर्षं मी तो माणसांना देत आलेय,
फक्त तेव्हा खाली सही नसायची.

रात्री बाबांना फोन लावला.
डॉक्टर शेट्यांकडे एकोणचाळीस वर्षं कंपाउंडर.
लाल औषधाच्या बाटलीवर कागदी पट्टी चिकटवत,
कात्रीने पाडलेले तिचे सहा दात, सहा डोस.
एकदा लहान लेकराच्या चिठ्ठीत
मोठ्या माणसाचा डोस आला.
बाबा चिठ्ठी घेऊन हळूच आत गेले,
डॉक्टरसाहेब, इथं शाई फुटलीय का?
शेट्यांनी बघितलं, आकडा बदलला.
कुणीच काही बोललं नाही.
दिवाळीला मात्र बाबांना धोतरजोडी आली.

चिठ्ठी लिहिली म्हणतेस? सही कुणाची गं?
माझी, बाबा.
पलीकडे खाटेचा आवाज झाला, उठून बसले असावेत.
कुठली शाई?
शाई नसते आता. बटण दाबायचं.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
मग फुटली तर कळायचं कसं?

रक्ताचा रिपोर्ट सकाळी सातला येतो.
आत्ता सव्वातीन.