रात्रीचं रक्त

पाचपावलीचा पूल ओलांडून तांडापेठेत
रात्री दहानंतरच जायचं असतं.
काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा बोळा,
पुढे बॅटरी घेऊन आशाताई सोनकुसरे.

"दिवसा काऊन नाही घेत वो बाई?"
दिवसा ते फुप्फुसात दडतात, काका.
डासांची वेळ झाली की कातडीजवळ येतात.
"म्हंजे नाइट ड्यूटी हाय त्याह्यची."
मुरलीधर पराते हसतात. बोट पुढे.
उजवा पाय केळीच्या बुंध्यासारखा;
पावडीवर मावेना,
म्हणून सहा वर्षं माग बंद.
पुतण्या देवानंद खर्रा घोटत:
"माह्यं कायले? मी तं ठणठणीत."
तरी तीन थेंब.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली
काकांची पट्टी कोरी.
देवानंदच्या पट्टीवर जांभळी सुतं,
सैल वळणांची. मोजली. एकोणचाळीस.

काकांच्या रक्तानं कधीतरी भांडण काढलं होतं,
ही सूज त्या भांडणाची.
पुतण्याच्या पेशींनी
पाहुण्याला पाट मांडलाय.

सात वर्षं मी एकाच प्रथिनाच्या मागे आहे.
शरीराला भांडायला शिकवायचं,
पण पाय शाबूत राहील इतकंच.
उंदरांत दोनदा जमलं.
तिसऱ्या खेपेला त्यांचे पंजे सुजले.

आज पुन्हा तेच दार. गोळ्या मोजून दिल्या.
"पण मले झालं काय?"
काहीच नाही, म्हणाले. तेच तर.

आतून काकांनी विचारलं,
"माह्यं कोरं आलं?
मंग लावू का माग?"