उन्हाळ्यात पाणी नाही

पोलिसांनी खोका आणला तेव्हा मी पीठ मळत होते.
गोठवलेल्या कोंबडीचा खोका, वर बर्फाचं चित्र,
आणि आत टॉयलेट पेपरात गुंडाळलेली
त्र्याहत्तर झाडं.
झाडं आपलं म्हणायचं म्हणून. वाटाण्याएवढी हिरवी गाठोडी,
मधोमध बारीक चीर,
बोलता बोलता ओठ मिटावेत तशी.

सोबत उद्यानातली पोरगी होती, हातात मोठी वही.
म्हणाली, पकडलेल्या मालाने आमच्या शेड भरल्यात, अँटी ड्रिना.
तुमच्या ओसरीला सावली आहे,
आणि गावात तुमचं नाव चांगलं आहे.
मी म्हटलं, नाव? हे खणणाऱ्यांत माझा भाचा होता.
ती म्हणाली, माहीत आहे.

मग शिकवलं तिने.
खडी जास्त, माती नावाला.
मे ते ऑगस्ट पाणी, चमच्याने, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी.
नोव्हेंबर लागला की बंद.
बंद म्हणजे किती? मी विचारलं.
बंद म्हणजे बंद.

तीस वर्षं मी स्टाइनकॉफच्या शाळेत रांधलं.
चारशे पोरं, घेवडा, मक्याच्या कण्या.
रिकामी ताटली दिसली की माझा हात आपोआप डावाकडे जातो.
एल्रिकोलाही असंच वाढलं, असंच वाढवलं;
आई गेलेली, बाप खाणीवर,
मागेल ते दिलं, मागायच्या आधी दिलं.

डिसेंबरात ती सुरकुतली.
जानेवारीत तपकिरी झाली, जुन्या पाकिटासारखी.
पत्रा रात्रीसुद्धा तडतडायचा.
एकदा मध्यरात्री चमचा भरून उभी राहिले,
अनवाणी, माझ्याच ओसरीवर, चोरासारखी.
अकरा नंबरला पाजलं.
आठवड्यात ते मऊ पडलं. बोट लावलं तर फुटलं,
आणि आतून पाणीच आलं. माझंच.

वहीत कारण लिहायचं होतं.
लिहिलं: माया.
मग खोडून: पाणी.

उरलेल्या बहात्तरांना काही दिलं नाही.
नुसती शेजारी बसायचे, मोजे रफू करत.
आत म्हणे नवं पान
जुन्या पानाला पिऊन मोठं होतं;
जुन्याची आधी साल होते, मग फोलपट.
बाहेरून बघणाऱ्याला ते मेल्यासारखंच दिसतं.
मी वाढलं नाही म्हणून ती वाढत होती.
एवढं कळायला मला एकसष्ट वर्षं लागली.

मे महिन्यात समुद्राकडून धुकं आलं,
आणि एल्रिको.
आठ महिने आत होता. गाल बसलेले.
मी ताट वाढलं नाही.
म्हटलं, भांडी चुलीवर आहेत, भूक असेल तर घे.
तो ओसरीवर उकिडवा बसून राहिला.

फोलपटं फाटत होती,
आतून एकेक हिरवा वाटाणा वर येत होता.
परत डोंगरात लावणार? त्याने विचारलं.
नाही. कुठल्या डोंगरातली, कुणाला माहीत?
वहीत त्या रकान्यात नुसती रेघ आहे.

तो काही बोलला नाही.
एका झाडामागे त्याला किती मिळाले, मी कधी विचारलं नव्हतं.
शेजारणीने सांगितलेल्या आकड्यात
डबाभर साखरही आली नसती.

संध्याकाळी पुन्हा पिठात हात होते माझे.
खडी सरकल्याचा आवाज आला म्हणून डोकावले.
तो एकेक कुंडी उचलून फिरवत होता,
दक्षिणेकडे, आमच्याकडची गार बाजू ती,
एकेकाला निरखत,
थांबत,
कुठल्या कपारीत कसं बसलं होतं ते आठवत.
एकाला अर्धाच वळसा. एकाला हातच लावला नाही.

वही खिडकीत होती, पेन्सिल दोऱ्याला बांधलेली.
त्याला दिसत होती.
मी हाक मारली नाही.
कणीक मळत राहिले, लागत होती त्याहून जरा जास्तच वेळ.