नववा नंबर

माझं काम एवढंच : रेषेसमोर खुर्ची टाकून बसायचं
आणि पुढ्यातनं जाईल त्या गाडीचा नंबर लिहायचा.
सहा दिवस उद्यमनगरात लेथवर थाऊ मोजतो,
सातव्या दिवशी हुपरीच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात,
धुळीची एक गोल वाट,
आणि मांडीवर पुठ्ठ्याला डकवलेला कागद.

वीस गाड्या. पंधरा फेऱ्या.
पहिल्या फेरीला पेन्सिल घामानं निसटत होती.
चौथीपास्नं हाताला पाठ झालं :
सात, बारा, चार,
सात, बारा, चार,
पावकी म्हणणाऱ्या पोरासारखं, न बघताच.

सात नंबरचं इंजिन पुण्यास्नं आलेलं.
त्याच्या मागं धूळ आणि धुळीमागं मोकळं रान.
इतकं सरळ, इतकं चांगलं चालवत होता पोरगा,
की बघणाऱ्याला जांभई यावी.
कर्ण्यावर पांडबा एकटाच पेटलेला,
"सात नंबर! पुन्हा सात नंबर!"
आणि माणसं भडंगाच्या पुड्यात कांदा शोधत होती,
कोण मोबाईलवर बोट फिरवत होतं,
कोण घरी फोन करून विचारत होतं, पाणी आलं का.

शेजारी बसलेले गणू तात्या, जुने आखाड्यातले,
म्हणाले, "हात मिळवला अन् चीत केला,
असल्या कुस्तीला तिकीट कशाला काढायचं?
जोड लागाय पाहिजे, गड्या. जोड."

मग नवव्या फेरीला का दहाव्या
बाभळीच्या वळणाकडनं एक आवाज आला.
इंजिनाचा नव्हे, माणसांचा.

एकतीस नंबर : दिलावर शिकलगारनं तीन भंगारांतनं उभी केलेली गाडी,
वर त्याचा भाचा यासीन.
अठरा नंबर : सन्मती उपाध्ये, हुपरीचा,
आठवडाभर पैंजणाला घुंगरं डाकणारा.
भांडण कशासाठी, तर नवव्या नंबरासाठी.
नवव्याला ना कप, ना पाकीट, ना हार.

यासीन आतनं शिरला, सन्मती बाहेरनं गेला,
पुढच्या फेरीला उलटं,
त्याच्या पुढच्याला दोघंही एकदमच, हँडलला हँडल,
आणि बाभळीखाली एक अनोळखी म्हातारी
पदर तोंडात धरून उभी.
गर्दी रेषेवरनं उठली, पोतं फाटून
शाळू सांडावा तशी वळणाकडं वाहत गेली.
पांडबा कर्ण्यात ओरडतच होता, सात, सात,
ऐकायला मी आणि दोन कुत्री.

मी लिहिलं एकतीस. खोडलं. अठरा.
खोडलं. रबरानं कागदाला भोक पडलं.
आणि मग, हे कमिटीला सांगू नका,
चौदाव्या फेरीला मी खुर्चीवर चढून
वळणाकडंच बघत राहिलो.
समोरनं सात गेला असणार. बहुतेक गेलाच.

शेवटी काय झालं?
दोन्ही चाकं रेषेवर एकदमच आली,
धुळीत कुणाचा नंबर वाचता आला नाही.
दिलावर म्हणाला एकतीस, हुपरीकर म्हणाले अठरा,
आणि ते दोघं मात्र पंपावरच्या नळाखाली
एकाच मगानं एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतत होते.

कमिटीनं कागद मागितला.
नवव्या ओळीत भोक.
त्यातनं माझ्या पँटीची शिवण दिसत होती.

बक्षीसं वाटून झाली, मांडव सोडायला लागले,
तेव्हा सात नंबरचा पोरगा आला,
गळ्यातला झेंडू सुकत चाललेला, कप काखेत.
जरा घुटमळला, मग हळूच म्हणाला,
"काका, मागं वळणावर एवढी माणसं ओरडत होती...
मला काय दिसलंच नाही.
काय चाललं होतं तिथं?"

मी त्याला खुर्ची दिली,
उरलेला भडंगाचा पुडा पुढं केला,
आणि पहिल्या फेरीपास्नं सांगायला बसलो.